डाग पडलेला क्यूआर आणि सियागंजची खातेवही

इंदूरच्या छप्पन दुकानला किंवा रात्री सराफ्यात, गल्ल्यापुढे चिकटवलेला क्यूआर जरा निरखून पाहा. त्यावर चटणीचा शिंतोडा असतो, मधेच एक ओरखडा असतो, लॅमिनेशन सुटून खाली पाणी शिरलेलं असतं. तरी पैसे जातात. कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन शाबूत असले, की उरलेल्या नक्षीतला थोडा भाग बिघडला तरी फोनला पूर्ण मजकूर मिळतो. जे दिसलंच नाही, ते फोनने वाचलं कसं?

या प्रश्नाचं उत्तर ज्या गणितात आहे, त्याच गणितावर मोठ्या कंपन्यांचं क्लाउडचं गोदाम चालतं. आणि ते समजलं, की सियागंजच्या आढतीपासून सांवेर रोडच्या कारखान्यापर्यंत ऐकू येणारं "आमचं सगळं क्लाउडवर आहे, आता काय काळजी" हे वाक्य किती खरं आणि किती खोटं, तेही कळतं.

आधी ढग बाजूला सारू. तुमची फाइल आभाळात नसते, उपग्रहावरही नसते. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली केंद्रं उघडली, मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं २०१५ पासून आहे. इंदूरहून मुंबई सहाशे किलोमीटरच्या आत. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एवढं अंतर तीन मिलिसेकंदांचं. वळसे आणि मधली यंत्रं धरून वेळ काही पटींनी वाढते, तरी डोळ्यांना जाणवत नाही. पावसाळ्यात क्लाउड 'स्लो' होतो, तो ढगांमुळे नाही. कुठेतरी खोदकामात तार तुटलेली असते.

त्या केंद्रात असतात भाड्याचे कॉम्प्युटर. कोणी नुसती साठवणीची जागा भाड्याने घेतो, कोणी अख्खं यंत्र घेतो, तर कोणी तयार सॉफ्टवेअर वापरतो आणि महिन्याचे पैसे भरतो. छोट्या पेढीला बहुतेक वेळा पहिलं आणि तिसरं पुरतं. 'टॅली ऑन क्लाउड' म्हणून जे विकतात, तो दुसरा प्रकार: टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, तिकडच्या यंत्रावर चालते, तुमच्याकडे फक्त पडद्याचं चित्र येतं.

आता गोदामाकडे. दुकानातली हार्डडिस्क म्हणजे मिनिटाला हजारो फेरे मारणारी तबकडी, आणि तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगणारं वाचकाचं टोक. दिवाळीला सीपीयूवर कुंकवाने स्वस्तिक काढतात, कुठे लिंबू-मिरचीही बांधतात. पूजा जरूर करा, पण त्या टोकाला ती कळत नाही. वर्षाला शंभरातल्या एक-दोन डिस्क जातातच. ज्या कंपनीकडे लाखभर डिस्क आहेत, तिच्याकडे दररोज तीन-चार मरतात. मग फाइल टिकते कशी?

सोपा उपाय म्हणजे तीन प्रती. दोन डिस्क गेल्या तरी तिसरी आहे. पण जागा तिप्पट लागते, आणि भाडं शेवटी गिऱ्हाइकाकडूनच वसूल होतं. इथे ते गणित येतं. अर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी ते १९६० मध्ये मांडलं. पाया आपल्या नववी-दहावीच्या भूमितीतलाच: दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते.

समजा आपल्याला ७ आणि ११ हे दोन आकडे जपायचे आहेत. आलेखाच्या कागदावर क्ष = १ ला ७ आणि क्ष = २ ला ११ असे बिंदू ठेवा. त्यांतून जाणारी रेषा य = ४क्ष + ३. ती पुढे वाढवली, की क्ष = ३ ला १५ आणि क्ष = ४ ला १९ मिळतात. आता ७, ११, १५, १९ हे चार आकडे चार वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. यांतल्या कोणत्याही दोन मरू देत. अगदी मूळचे ७ आणि ११ गेले आणि हाती १५ नि १९ एवढेच उरले, तरी चढ ४ आहे हे दिसतं. मागे या: ११, आणखी मागे ७. मूळ आकडे हातात नसताना परत मिळाले. तीन-तीन प्रती ठेवल्या असत्या तर सहा जागा लागल्या असत्या, इथे चारच लागल्या. दोन डिस्क जाण्यापासूनचं संरक्षण मात्र तेवढंच.

आकडे तीन असतील तर रेषेऐवजी तीन बिंदूंतून जाणारा परवलय घ्यायचा. सतरा असतील तर सोळाव्या घाताचा वक्र. बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीने २०१५ मध्ये जाहीर केलेली पद्धत नेमकी हीच: फाइलचे १७ तुकडे, त्यांवरून काढलेले ३ जादा, असे २० तुकडे वीस वेगळ्या यंत्रांवर. कोणतेही १७ मिळाले की फाइल उभी राहते. जादा जागा किती? २० भागिले १७, म्हणजे १.१८ पट. तिप्पट जागेत दोन नुकसानं झेलता येत होती, इथे सव्वापटीहून कमी जागेत तीन. माझ्या मते क्लाउड स्वस्त होण्यामागे जाहिरातीतल्या सगळ्या शब्दांपेक्षा या एका भागाकाराचा हात मोठा आहे.

एक अडचण उरते. सोळाव्या घाताचा वक्र पुढे वाढवला तर आकडे अवाढव्य होतात आणि एका बाइटमध्ये मावत नाहीत. बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच बसतं. म्हणून इथली बेरीज वेगळी असते. आकडे फक्त ० आणि १ वापरून, द्विमान पद्धतीत लिहायचे आणि हातचा घ्यायचाच नाही. ३ म्हणजे ०११, ५ म्हणजे १०१. हातच्याशिवाय बेरीज ११०, म्हणजे ६. गंमत अशी, की ६ मध्ये पुन्हा ५ मिळवले तर ३ परत येतात, म्हणजे बेरीज आणि वजाबाकी एकच. गुणाकाराला ठरावीक बहुपदीने भागून बाकी घेतात, जसं घड्याळात अकरानंतर तीन तासांनी चौदा न वाजता दोन वाजतात. अशा २५६ आकड्यांच्या बंद जगात भागाकारही चालतो (शून्याने सोडून), आणि उत्तर कधी बाइटबाहेर जात नाही. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर सोडून द्या. रेषेचं उदाहरण लक्षात असलं तरी पुरे.

क्यूआरमध्ये काम थोडं अवघड असतं. डिस्क मेली की कोणता तुकडा गेला ते ठाऊक असतं. चटणीचा डाग मात्र काळा चौकोन म्हणून वाचला जातो, म्हणजे चूक कुठे आहे हेच माहीत नसतं. अशी एक चूक शोधून दुरुस्त करायला दोन जादा आकडे खर्च होतात. क्यूआरच्या चार पातळ्या ७, १५, २५ आणि ३० टक्क्यांपर्यंतचं नुकसान भरून काढतात. गोदामात ही वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक तुकड्याबरोबर त्याच्या बेरजेसारखी एक खूण लिहिलेली असते. खूण जुळली नाही, की तो तुकडा मेला असं धरायचं.

आता हिशोब करा. वर्षाला दीड टक्का डिस्क जातात, म्हणजे एका आठवड्यात एक ठरावीक डिस्क जायची शक्यता दहा हजारांत सुमारे ३. वीसातली एक गेली आणि तिचा तुकडा पुन्हा बांधायला आठवडा लागला, तर त्याच आठवड्यात उरलेल्या १९ पैकी आणखी तीन जाण्याची शक्यता साधारण चार कोटींत एक. ॲमेझॉन आपल्या साठवणीसाठी ९९.९९९९९९९९९ टक्के असा अकरा नऊंचा आकडा सांगते, तो अशाच जातीच्या गुणाकारांतून येतो.

पण हा गुणाकार एका अटीवर उभा आहे: डिस्क एकमेकींशी संबंध न ठेवता मराव्यात. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांची मूळ प्रत आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होती, त्यांचं दोन्ही गेलं. आगीला नऊ मोजता येत नाहीत.

त्याहून मोठी गोम दुकानातच असते. हे गणित तुम्ही लिहिलेलं जपतं, बरोबर-चूक पाहत नाही. मुनीमजींनी चुकून फोल्डर उडवलं, तर ते उडवणंही तितक्याच इमानाने वीसही यंत्रांवर पोचतं. खंडणीचा व्हायरस आला, फाइलींना कुलूप लागलं, की सिंक करणारं, म्हणजे दुकानातलं फोल्डर आणि क्लाउडवरची प्रत सारखी ठेवणारं, ॲप कुलूपबंद फाइली काही मिनिटांत वर चढवतं. म्हणजे सिंक हा बॅकअप नव्हे. गूगल ड्राइव्हमध्ये उडवलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते. साध्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या एवढ्याच. एप्रिलमध्ये उडवलेलं जुलैमध्ये लक्षात आलं, तर अकरा नऊंचा काही उपयोग नाही.

टॅलीबाबत तर नेहमी हीच चूक होते: चालू डेटा फोल्डर उचलून सरळ ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवतात. एक व्हाउचर नोंदवलं की टॅली एकाच वेळी अनेक फाइली बदलते. सिंक करणारं ॲप त्या एकेक करून उचलतं, उघडी फाइल कधी सोडूनही देतं. वर गेलेला संच मग अर्धा दुपारचा, अर्धा संध्याकाळचा. तो उघडत नाही, किंवा उघडतो आणि शिल्लक चुकते, जे अधिक वाईट. रात्री सगळ्या कॉम्प्युटरवर टॅली बंद करा, तिच्याच बॅकअप सोयीने तारखेच्या नावाच्या फोल्डरमध्ये प्रत काढा, आणि फक्त तो फोल्डर वर जाऊ द्या. महिन्याची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, काम झालं की डिस्कची तार काढा आणि ती घरी न्या. इंदूरमध्ये नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढून नळाला येतं, तरी घरात हौद असतोच. ही डिस्क म्हणजे तो हौद.

पहिली चढवणी वेळ खाते. योजनेतला 'एमबीपीएस' हा बिटांचा आकडा असतो, बाइटसाठी आठने भागा. शिवाय काही जोडण्यांवर वर चढवण्याचा वेग उतरवण्यापेक्षा कमी असतो, तो वेगळा विचारा. ४० जीबी १० एमबीपीएसने चढवायला जवळजवळ नऊ तास लागतात. शनिवारी रात्री लावून ठेवा.

खातं मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइलवर हवं. ऑपरेटरच्या खासगी जीमेलवर उघडलेलं खातं तो नोकरी सोडून गेला की ओटीपीसकट जातं. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, त्याचे राखीव कोड कागदावर छापून तिजोरीत ठेवा. सीएला फक्त पाहण्याची परवानगी पुरते.

'टॅली ऑन क्लाउड' घेताना 'मिलिटरी ग्रेड' वगैरे शब्द सोडून द्या आणि तीनच गोष्टी लेखी मागा: यंत्र कोणत्या शहरात आहे, बॅकअप त्याहून वेगळ्या शहरात आहे का, आणि सेवा सोडली तर डेटा कोणत्या रूपात, किती दिवसांत परत मिळेल. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, म्हणून तिसरा प्रश्न महत्त्वाचा. पेढी कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर २०२२ च्या नियमानुसार हिशेबांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवरच हवा.

आणि दर तीन महिन्यांनी एक बॅकअप दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून पाहा. त्याच तारखेच्या ट्रायल बॅलन्सची बेरीज, शेवटच्या बिलाचा क्रमांक आणि रोकड शिल्लक, हे तीन आकडे मूळ प्रतीशी ताडा. दिवाळीच्या गर्दीत नको; देवउठनी एकादशीनंतर बाजार जरा निवळला की एक दुपार काढा, आणि त्या दिवशी जुनी प्रत चालू डेटावर उतरणार नाही, एवढं दोनदा तपासा.