जठर नसलेला मासा

मायसिस म्हणजे आपल्या जवळ्यासारखे दिसणारे इवलेसे कवचधारी जीव. वितळवलेल्या मायसिसचा एक दाणा ड्रॉपरने समुद्रघोड्यासमोर सोडा आणि बघत राहा. तो झडप घालत नाही. शेपटीची पकड काठीवर तशीच घट्ट, मान किंचित झुकलेली, एक डोळा तुमच्यावर आणि दुसरा त्या दाण्यावर. त्याचे दोन्ही डोळे एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे स्वतंत्र फिरतात. नळीसारखं तोंड हळूहळू दाण्याजवळ येतं, थांबतं, आणि ‘टक्’ असा बारीक आवाज होतो. शांत खोलीत तो काचेबाहेरही ऐकू येतो. दाणा कधी गेला ते दिसतच नाही. मानेच्या कंडरांमध्ये ताण आधीच साठवलेला असतो, तो गलोलीच्या रबरासारखा सुटतो आणि डोकं वर उसळून भक्ष्य पाण्यासकट आत ओढलं जातं. काही छोट्या जातींत हे सगळं एक मिलिसेकंदाच्या आत उरकतं.

इतका तरबेज शिकारी घरच्या टाकीत उपाशी मरतो, आणि तेही समोर अन्न असताना. याचं कारण त्याच्या शरीरात आहे. समुद्रघोड्याला दात नाहीत. 2016 साली ‘नेचर’मध्ये त्याच्या एका जातीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, त्यात दातांवरच्या इनॅमलशी संबंधित जनुकंच हरवलेली आढळली. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला जठर नाही. गिळलेलं अन्न साठवून सावकाश पचवण्याची सोयच नाही. ते थेट आतड्यात जातं आणि बरंचसं अर्धवट पचलेलं बाहेर पडतं. म्हणून त्याला थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खावं लागतं. माझ्या मते समुद्रघोडा पाळण्याचं सगळं शास्त्र या एका गोष्टीतून निघतं.

प्रौढ समुद्रघोड्याला दिवसातून दोन-तीन वेळा खायला द्यावं लागतं. मायसिस म्हणजे आपल्या जवळ्यासारखे दिसणारे इवलेसे कवचधारी जीव. ते गोठवलेले मिळतात. बारीक गाळणीत घेऊन गोड्या पाण्याने धुवायचे, म्हणजे वितळताना सुटणारा रस टाकीत जात नाही. आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव स्वस्त असतो आणि समुद्रघोडा तो आवडीने टिपतो, पण नुसता आर्टेमिया अंगी लागत नाही. पोषक तेलं, जीवनसत्त्वं खाऊ घालून तयार केलेला असेल तर गोष्ट वेगळी. अनुभवी लोक टाकीच्या तळाशी एक मोठा शिंपला ठेवतात आणि रोज त्यातच अन्न वाढतात. काही दिवसांत समुद्रघोडे वेळ झाली की त्या ताटाभोवती येऊन थांबतात. एखादा आला नाही, तर त्या दिवशी त्याच्याकडे नीट बघायला हवं. खाणं सोडणं हे बहुतेक आजारांचं पहिलं लक्षण असतं.

आता दुसरी बाजू. दिवसातून तीनदा मांसाहार वाढायचा म्हणजे उष्टं उरणार, आणि अर्धवट पचलेली विष्ठाही भरपूर. ते कुजलं की अमोनिया तयार होतो. टाकीतले उपयुक्त जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. पण हे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत समुद्रघोडा आणायचाच नाही. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की मगच आणायचा. त्याचे कल्ले इतर माशांसारखे पिसाऱ्याचे नसून छोट्या गुच्छांसारखे असतात, त्यामुळे खराब पाण्यात तो लवकर गुदमरतो. उरलेलं अन्न अर्ध्या तासात नळीने ओढून काढणं ही रोजची धुणीभांडी समजावी.

आणि तापमान. अमेरिकेत घरच्या टाक्यांत पाळली जाणारी ‘हिपोकॅम्पस इरेक्टस’ ही जात 22 ते 24 अंश सेल्सिअसला ठणठणीत राहते. पाणी त्याहून गरम झालं की व्हिब्रिओ गटातले जिवाणू झपाट्याने वाढतात. शेपटीची कातडी पांढरी पडते, सोलवटते, आणि काही दिवसांत सगळं संपतं. प्रवाळांच्या टाकीला 26 अंश चालतात म्हणून यालाही चालतील, हा हिशोब फार महाग पडतो. उन्हाळा कडक असेल तर पाणी थंड ठेवणारा चिलर हवाच.

आणखी एक व्याधी समुद्रघोड्यांत वारंवार दिसते. नर ज्या पिशवीत अंडी वाढवतो तिच्यात किंवा शेपटीच्या कातडीखाली वायूचे बुडबुडे धरतात. मग त्याला खाली राहताच येत नाही. शेपूट काठीकडे पुन्हा पुन्हा वळते, पकड सुटते, आणि तो बुचासारखा वर तरंगतो. ते बघवत नाही. माणसांना काचबिंदूत देतात ते अ‍ॅसिटाझोलामाइड यावर वापरलं जातं, पण ते माशांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

टाकी लांबीपेक्षा उंचीला चांगली हवी, शेपूट सरळ केलेल्या समुद्रघोड्याच्या निदान तिप्पट. नर-मादी एकमेकांना बिलगून वर वर जात असताना मादी नराच्या पिशवीत अंडी घालते. उंची कमी पडली तर अंडी तळाशी सांडतात. चपळ मासे सोबत नकोत, ते सगळं अन्न आधीच संपवतात. डंख करणारी समुद्रफुलं नकोत. फिल्टरच्या तोंडावर स्पंज हवा, नाहीतर शेपूट आत ओढली जाते.

घ्यायचा तो टाकीतच जन्मलेला. हवाईतल्या कोनाला 1998 पासून त्यांची पैदास होते. अशी पिल्लं लहानपणापासून गोठवलेलं अन्न खायला शिकलेली असतात. समुद्रातून पकडलेला मात्र बहुधा हलतं भक्ष्यच मागतो आणि सोबत परजीवीही आणतो. हे सगळं परदेशातल्या मराठी वाचकांसाठी. भारतात 2001 पासून समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, त्यामुळे कुणी विकत देत असेल तर तो बेकायदेशीरच समजावा. आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरही ते आहेत. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यातल्याच ‘हिपोकॅम्पस कुडा’ या जातीवर बंदिस्त पैदाशीच्या अंगाने काम झालं आहे.

सगळं नीट जमलं तर इरेक्टसचा नर पिशवीत अंडी घेतल्यावर साधारण तीन आठवड्यांनी काठी धरून अंग आखडू लागतो. प्रत्येक कळेसरशी पिशवीतून सेंटिमीटरभर लांबीचे समुद्रघोडे बाहेर फेकले जातात, कधी शंभर, कधी काहीशे. हुबेहूब आईबापांसारखे, आणि जन्मल्या दिवसापासून भुकेले. त्यांनाही जठर नसतंच. अंड्यातून नुकताच निघालेला जिवंत आर्टेमिया तेव्हा तयार नसेल, तर दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी होते. म्हणून नराची पिशवी फुगलेली दिसली की आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्यात भिजत घालायची.