वैमानिकाची मापं आणि डमीची मान

गाडीला सुरक्षेचे फाइव्ह स्टार मिळाले की जाहिरातीत धडक-चाचणीतला डमी झळकतो. पुष्कळांना तो वाळू भरलेला बाहुला वाटतो. पण या घराण्याचा मूळपुरुष लष्करी आहे. १९४९चा ‘सिएरा सॅम’ अमेरिकी हवाई दलाच्या इजेक्शन सीटच्या, म्हणजे संकटात वैमानिकासकट विमानाबाहेर उडणाऱ्या आसनाच्या, चाचण्यांसाठी घडवला होता.

डमी माणसासारखा हवा, तर माणसांची मापं हवीत. मापं घ्यायला वैमानिक सोयीचे, कारण हुकूम सुटला की ते रांगेत उभे राहतात! १९५०मध्ये ४,०६३ जणांची मापं घेतली गेली. त्यांतल्या दहा मापांत एकाच वेळी ‘सरासरी’ भरणारा एकही वैमानिक हवाई दलाचे संशोधक गिल्बर्ट डॅनियल्स यांना सापडला नाही. (सामुद्रिकशास्त्रात लांब हात भाग्याचे. कॉकपिटमध्ये मांडी फार लांब असेल, तर सीट उडताना गुडघा पॅनेलवर आपटतो.)

पण टेपने अपघात कळत नाही. शरीराच्या प्रत्येक भागाचं वजन किती आणि गुरुत्वमध्य कुठे, हे लागतं. जिवंत माणसाचा पाय काही वेगळा तोलता येत नाही. १९६९च्या एका प्रसिद्ध अभ्यासात त्यासाठी तेरा मृतदेह वापरावे लागले.

डोकंच घ्या. वजन साधारण ४.५ किलो, आणि गुरुत्वमध्य मानेच्या टेकूच्या किंचित पुढे. सीट १५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पंधरापट, त्वरणाने वर उडाली की मानेला ते ६७ किलोंचं होतं आणि पुढे कलंडतं. दीड किलोचं हेल्मेट आणखी बावीस किलोंची भर घालतं. त्यावर समोर अंधारात दिसण्यासाठीचा चष्मा लावला, की वजन थोडंच वाढतं. पण गुरुत्वमध्य पुढे सरकल्याने मान वाकवणारा जोर बराच वाढतो.

फिरवण्याला होणारा विरोध, म्हणजे निरूढी परिबल, तर आणखी चमत्कारिक. वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग, असं ते असतं. वस्तुमान स्वतःच लांबीच्या घनाने वाढत असल्याने ते लांबीच्या पाचव्या घाताने बदलतं. सगळी मापं १० टक्के वाढवा: वजन ३३ टक्के वाढतं, निरूढी परिबल ६१ टक्के!

आता उलट जा. आजचा ‘हायब्रिड थ्री’ पुरुष डमी सुमारे १७५ सेंमी, ७८ किलोंचा. त्याला १५० सेंमीवर आणलं, तर हिशोबाने वजन ४९ किलो आणि निरूढी परिबल निम्म्याहून कमी. या मालिकेतली लहान स्त्री-डमी साधारण ४९ किलोंचीच आहे, आणि तिची जडणघडण बरीचशी पुरुष-डमी लहान करूनच ठरवली गेली. खऱ्या बाईची मान, छाती, कंबर मात्र अशा एका गुणकाने लहान होत नाही.