डायरी आणि आठवणीची वस्तू: एकाच पेटीत ठेवलेल्या दोन निराळ्या गोष्टी

माणूस गेल्यावर मागे जे उरतं त्याचं बहुतेक घरांत एकच गाठोडं होतं. चष्मा, घड्याळ, पाकीट, एखादा सदरा आणि त्यांच्याबरोबर एखाददुसरी डायरी. ‘आठवणी आहेत, राहू द्या’ म्हणून सगळं एका पेटीत जातं. डायरीही हातात धरता येते, तिलाही वास असतो, कोपरे दुमडलेले असतात, त्यामुळे ती इतर वस्तूंसारखीच वाटते. पण डायरी जे जपते ते चष्मा जपत नाही आणि चष्मा जपतो ते डायरीला साधत नाही. दोन्हींची नासाडीही वेगवेगळ्या कारणांनी होते. हा फरक वेळेवर लक्षात आला नाही, तर दोन्हींपैकी एक काहीतरी कायमचं हातातून जातं.

आधी डायरी. तिची खरी किंमत कळायला आपल्या स्मरणशक्तीवर थोडा अविश्वास दाखवावा लागतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर काही क्षणांतच नष्ट झालं. दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कळली तेव्हा कुठे होतात, कोणी सांगितलं, काय करत होतात. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांचं एकही महत्त्वाचं उत्तर आधीच्याशी जुळलं नाही, आणि तरी अनेकजण आपल्या नव्या आठवणीबद्दल ठाम होते. त्यांच्याच अक्षरातला कागद पुढे ठेवला तरी मूळ आठवण काही जागी झाली नाही. आठवण प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते आणि रचताना बदलते. दुःखाच्या आठवणी त्याला अपवाद नाहीत.

आता हे घरातल्या मृत्यूला लावून पाहा. तीन वर्षांनी मनात पक्कं बसलेलं असतं की ‘मला तेव्हाच दिसत होतं, मी काहीच केलं नाही’. त्या आठवड्याची डायरी उघडली तर तिथे लिहिलेलं असतं: ‘आज ताप नाही. दोन घास जास्त जेवले. डॉक्टर म्हणाले सोमवारी घरी सोडू. खोलीचे पडदे धुवायला टाकले.’ पडदे धुवायला टाकणाऱ्या माणसाला पुढचं दिसत नव्हतं. शेवट माहीत नसताना लिहिलेल्या त्या चार ओळी नंतर उगवलेल्या अपराधी भावनेला थेट उत्तर देतात. माझ्या मते डायरीचं सगळ्यात मोठं देणं हेच आहे, आणि ते कुठलीही वस्तू देऊ शकत नाही. म्हणूनच डायरीतल्या रुक्ष नोंदी मला भावनांनी ओथंबलेल्या पानांपेक्षा मोलाच्या वाटतात. औषधाची वेळ, कोण भेटून गेलं, रात्री किती वेळा उठावं लागलं, हे कुणी मुद्दाम सजवून लिहीत नाही.

पण शेवट माहीत नसणं हीच डायरीची मर्यादाही आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राड शहराला पडलेल्या वेढ्यात तान्या सविचेवा या मुलीने एका छोट्या वहीत नऊ पानं लिहिली. वहीला पत्त्यांच्या वहीसारखी अक्षरवारी होती. ज्याचं नाव ज्या अक्षराने सुरू होतं त्या पानावर त्याचा मृत्यू. पहिली नोंद बहीण झेन्याची, २८ डिसेंबर १९४१. मग आजी, भाऊ, दोन काका आणि शेवटी आई, १३ मे १९४२, सकाळी साडेसात. प्रत्येक नोंदीत तारीख आणि वेळ. त्यानंतरच्या तीन पानांवर फक्त इतकंच की सविचेव मेले, सगळे मेले, एकटी तान्या उरली. वाचताना पोटात कालवतं. तान्याही १ जुलै १९४४ रोजी गेली. पण ‘एकटी उरली’ ही ओळ वस्तुस्थिती म्हणून बरोबर नव्हती. तिची दुसरी बहीण नीना आणि दुसरा भाऊ मिखाईल जिवंत होते. तिला ते ठाऊक नव्हतं. ती ओळ खोटी म्हणायची का? मुळीच नाही. त्या दिवशी त्या मुलीपुरतं जग तेवढंच उरलं होतं, आणि डायरी त्या दिवसापुरतं जे कळलं आणि सोसलं तेच धरून ठेवते. दुसऱ्याची डायरी वाचून ‘हे असंच घडलं’ असा निकाल देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

वस्तूचं काम वेगळ्याच वाटेने चालतं. एखादा जुना चष्मा हातात घेऊन पाहा. डावी काडी जराशी बाहेर वाकलेली, कारण तो कायम एकाच हाताने काढला जायचा. नाकावर टेकणाऱ्या गाद्या पिवळट पडलेल्या, बिजागरीत हिरवट मळ, काचेच्या कडेला अंगठ्याचा पुसट ठसा. यात एक तारीख नाही, एक शब्द नाही. पण ते शरीर इथे होतं, त्याला सवयी होत्या, हे यातून जितकं थेट कळतं तितकं शंभर पानांतून कळणार नाही. डायरी माणसाच्या मनात काय चाललं होतं ते सांगते. चष्म्यातून माणूसच आल्यासारखा वाटतो.

कपड्यांच्या बाबतीत तर वासाने आपण क्षणात हलून जातो. याला शरीररचनेत कारण आहे. पाहिलेलं आणि ऐकलेलं मेंदूच्या बाह्यावरणापर्यंत थॅलॅमस या भागातून जातं. वासाचा संदेश मात्र त्या थांब्यावर न थांबता भावना आणि स्मरणाशी निगडित भागांपर्यंत फार लवकर पोचतो. त्यामुळे सदरा नाकाशी नेल्यावर आधी रडू येतं आणि आपण का रडतोय ते मागाहून कळतं.

वस्तू इतकी जवळची असली तरी तिला स्वतःची कहाणी सांगता येत नाही. हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयात एक गंजलेली तीनचाकी सायकल आहे. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी तीन वर्षांचा मुलगा ती घराबाहेर चालवत होता आणि त्याच रात्री तो गेला. इतक्या लहान जिवाला एकट्याने दूरच्या कबरीत ठेवणं वडिलांना सहन होईना, म्हणून त्यांनी त्याला सायकलसकट अंगणातच पुरलं. चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, अवशेष उकरून कुटुंबाच्या कबरीत नेले आणि सायकल संग्रहालयाला दिली. हे सगळं आपल्याला लोखंडाने सांगितलेलं नाही, वडिलांनी सांगितलंय. त्याच संग्रहालयातला एक शाळकरी मुलाचा करपलेला जेवणाचा डबा घ्या. मुलाची ओळख आईला पटली ती त्या डब्यावरून. तिने ते सांगितलं नसतं तर तो डबा भंगार म्हणून गेला असता. वस्तूचा अर्थ सांगणाऱ्याच्या जिवावर टिकतो. तो माणूस गेला की दुसऱ्या पिढीत घड्याळ नुसतं बंद पडलेलं घड्याळ होतं. डायरीचं तसं होत नाही. लिहिणारा, वाचणारा, दोघांना ओळखणारा, सगळे गेले तरी अनोळखी माणसाला ती वाचता येते.

आणखी एक फरक रोजच्या जगण्यात फार जाणवतो. डायरी उघडायला ठरवावं लागतं. आज नको वाटलं तर ती मिटलेली राहते. वस्तू मात्र तयारी नसताना समोर येते. कोटाच्या खिशात घडी घातलेला रुमाल सापडतो आणि अख्खी दुपार जाते. मनोविकारतज्ज्ञ वामिक वोल्कान यांनी १९७० च्या दशकात शोकात अडकलेल्या लोकांबद्दल एक निरीक्षण मांडलं. अशी माणसं एखादी वस्तू फेकू शकत नाहीत आणि पाहूही शकत नाहीत. कुलपात बंद असते, पण ती तिथेच आहे हे माहीत असावं लागतं. जाणारा आणि मागे राहिलेला यांच्यातला दुवा त्या वस्तूत अडकलेला असतो. म्हणून वस्तू ठेवणं वाईट असं मात्र कुणी समजू नये. गेलेल्या माणसाशी नातं तोडूनच सावरता येतं, हा जुना समज १९९० च्या दशकात बराच मागे पडला, आणि नातं वेगळ्या रूपात चालू राहणं ही सामान्य गोष्ट मानली जाऊ लागली. महिनोनमहिने तीव्र ओढ कमी होत नसेल, रोजची कामंही होत नसतील, तर मात्र डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे, आणि तिथे किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे.

‘लिहून काढ, मोकळं वाटेल’ हा सल्लाही जपूनच द्यावा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं लिहिण्याचा काही फायदा दिसला होता, आणि तेव्हापासून तो सल्ला सगळीकडे पसरला. पण जोडीदार गमावलेल्यांवर झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा लेखनाने शोक लवकर ओसरतो असं आढळलं नाही. ज्याला लिहावंसं वाटतं त्याने जरूर लिहावं, पण औषध म्हणून नव्हे, नोंद राहावी म्हणून.

नासाडीकडे वळू. डायरीला धोका असतो तो जवळच्या माणसांचा. ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाने १८३२ पासून १९०१ पर्यंत डायरी लिहिली. तिच्या मृत्यूनंतर धाकटी मुलगी बिएट्रिसने त्या डायरीच्या नकला उतरवल्या. खटकणारा मजकूर गाळला आणि बहुतेक मूळ वह्या नष्ट केल्या. आज उरलेल्या वह्यांपैकी १११ मुलीच्या हातच्या आहेत. पती अल्बर्ट १८६१ मध्ये गेल्यावर व्हिक्टोरियाने त्याच्या वस्तू चाळीस वर्षं जपल्या. त्यांतला त्याचा घरात घालायचा झगा आणि त्याच्या हाताचा प्लास्टरचा साचा तिच्याच इच्छेने तिच्या शवपेटीत गेला. वस्तूतला मजकूर गाळता येत नाही, ती फक्त नाहीशी होते.

म्हणून डायरीच्या पानांचे फोटो किंवा स्कॅन लवकर काढून ठेवावेत. मजकूर त्यात पुरता उतरतो. सदऱ्याच्या फोटोत मात्र सदऱ्यातलं काहीच येत नाही. तो धुवायच्या आधी एकदा नव्हे, दोनदा विचार करावा. तसंच, वास कितीही जपला तरी हळूहळू उडतोच, हेही आधीच माहीत असलेलं बरं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडली तर बुरशी धरते. डायरीत चिकटपट्टी लावू नये, पानं लॅमिनेट करू नयेत. आणि शाईऐवजी उष्णतेने छापल्या जाणाऱ्या थर्मल कागदावरच्या पावत्या, जसं शेवटच्या प्रवासाचं तिकीट किंवा औषधाच्या दुकानाचं बिल, काही वर्षांत कोऱ्या होतात. त्यांचा फोटो आजच काढावा.

वस्तूंबरोबर एक काम मात्र कराच: प्रत्येकीसोबत एक चिठ्ठी. वस्तू कुणाची, ती कशी वापरली जायची, कुठल्या प्रसंगाची, हे कोण सांगतंय आणि कुठल्या तारखेला. ‘बाबांचं घड्याळ’ इतकं पुरत नाही. ‘ते कायम पाच मिनिटं पुढे ठेवायचे, किल्ली रात्री झोपताना द्यायचे’ असं लिहा. पेन्सिलीने लिहिलं तर शाई पसरायची भीती नाही. चिठ्ठी वस्तूला चिकटवू नका, सोबत ठेवा. आणि त्या घड्याळाची गोष्ट दोन भावंडं वेगवेगळी सांगत असतील तर वाद मिटायची वाट पाहू नका. कुणाची कुठली ते नाव घालून दोन्ही लिहून ठेवा.