वही सावकाराची, नाव कुळाचे : पतअहवालातील चुका दुरुस्त करून घेण्याच्या हक्काची पार्श्वभूमी

मुंबईत घराच्या कर्जाची चौकशी करायला गेलेल्या माणसाला हल्ली पगाराच्या आधी ‘सिबिल किती आहे?’ असे विचारले जाते. सिबिल हे मुळात लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कंपनीचे नाव, परंतु कर्जदाराची पत दाखवणारा ३०० ते ९०० च्या दरम्यानचा आकडा आणि त्यामागचा सगळा अहवाल या दोन्हींना आता तोच शब्द रूढ झाला आहे. या अहवालातील चूक दुरुस्त करून मागण्याचा हक्क कर्जदाराला २००५ च्या कायद्याने मिळाला. ज्या तंट्यावर तो कायदा उत्तर शोधतो तो मात्र महाराष्ट्रात फार जुना आहे : वही धनकोच्या म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या घरात, नाव कुळाचे म्हणजे कर्जदाराचे, आणि वहीत काय लिहिले आहे ते पाहण्याची कुळाला सोय नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि तेथून पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत दंगे पसरले. त्या दंग्यांत जमावाचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. त्या हाती लागल्या की जाळल्या जात. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला. त्यात व्याजाच्या आणि जमिनीच्या तरतुदी आहेतच, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, भरलेल्या रकमेची लेखी पावती, दरवर्षी हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास पासबुक मिळण्याचा हक्क त्यात शेतकऱ्याला दिलेला होता. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने हिशेब ठेवण्याचे आणि ऋणकोला त्याची प्रत देण्याचे बंधन प्रांतभरच्या सावकारांवर घातले, आणि उतारा मिळाल्यावर ऋणको गप्प राहिला म्हणून त्याने हिशेब मान्य केला असे समजता येणार नाही, हेही स्पष्ट केले. हा बारकावा ज्याने कायद्यात घातला त्याला सावकाराच्या ओसरीवरचा व्यवहार चांगलाच ठाऊक असला पाहिजे.

बँकांच्या बाबतीत प्रश्न उलट बाजूने आला. ग्राहकाच्या खात्याविषयी गुप्तता राखणे हे बँकेचे जुने कर्तव्य, आणि स्टेट बँकेसाठी तर ते तिच्या कायद्यातच नमूद होते. त्यामुळे एका बँकेला बुडवलेला कर्जदार दुसऱ्या बँकेत सहज कर्ज मिळवी. १९९४ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक कोटी रुपये व त्याहून अधिक थकबाकी असलेल्या कर्जदारांची माहिती बँकांना पुरवण्याची योजना आणली, पण ती मोठ्या कर्जांपुरतीच होती. १९९९ मध्ये नेमलेल्या एन. एच. सिद्दीकी कार्यगटाने पतमाहिती संस्थेची शिफारस केली आणि ऑगस्ट २००० मध्ये स्टेट बँक, एचडीएफसी, डन अँड ब्रॅडस्ट्रीट आणि ट्रान्सयुनियन यांच्या सहभागाने मुंबईत सिबिलची नोंदणी झाली. गुप्ततेची अडचण होतीच, म्हणून सुरुवातीला कर्जदाराची संमती घेऊनच त्याची माहिती पुढे पाठवली जाई. २००४ मध्ये वैयक्तिक कर्जांचे अहवाल बँकांना मिळू लागले.

पतमाहिती कंपन्यांविषयीचा २००५ चा अधिनियम १४ डिसेंबर २००६ पासून लागू झाला. त्याने गुप्ततेची अडचण दूर केली, आणि त्याचबरोबर कलम २१ मध्ये कर्जदाराला दोन गोष्टी दिल्या : आपल्याविषयीच्या माहितीची प्रत, आणि ती दुरुस्त वा अद्ययावत करण्याची मागणी, जिच्यावर ३० दिवसांत कार्यवाही झाली पाहिजे. परंतु त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अटीत, म्हटले आहे की, संबंधित बँकेने वा वित्तसंस्थेने दुरुस्ती बरोबर असल्याचे प्रमाणित केल्याशिवाय पतमाहिती कंपनी नोंदीला हात लावणार नाही. या विषयातला पहिला कायदा ज्या अमेरिकेने १९७० मध्ये केला, तेथे तक्रारीनंतर ज्या नोंदीची खातरजमा मुदतीत होत नाही ती काढून टाकावी लागते. आपल्याकडे धनको होकार देईपर्यंत नोंद जागच्या जागी राहते. वही पाहायला मिळाली, लेखणी मात्र त्याच हातात राहिली, असे मला या परंतुकाविषयी वाटते.

प्रत्यक्ष अहवाल उघडला की हे अधिक कळते. प्रत्येक कर्जखात्याखाली ३६ महिन्यांपर्यंतचे चौकोन असतात. हप्ता वेळेवर गेला असेल तर चौकोनात ‘०००’, उशीर झाला असेल तर जितके दिवस उशीर तितका आकडा. दुचाकीचे कर्ज फेडून ते फिटल्याचा बँकेचा दाखला (एनओसी) कपाटात ठेवलेल्या माणसाच्या खात्यावर दंडव्याजाचे काही रुपये राहून गेले, तर हा आकडा महिन्यागणिक चढत जातो आणि त्याला पत्ताही नसतो. दुसरा नेहमीचा घोळ नावांचा. लग्नानंतर बदललेले आडनाव, कुठे वडिलांच्या नावासह तर कुठे त्याशिवाय लिहिलेले नाव, एकाच वस्तीतले दोन सुनील सावंत. यांतून दुसऱ्याचे कर्ज आपल्या अहवालात येऊन बसते. तडजोडीने कमी रक्कम भरून मिटवलेल्या खात्यावर येणारा ‘सेटल्ड’ हा शेरा मात्र कितीही बोचला तरी चूक नव्हे, आणि तक्रार करून तो निघत नाही.

कायदा झाल्यावरही आपला अहवाल पाहण्यासाठी सामान्य माणसाला पैसे मोजावे लागत. २०१० पासून एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि हाय मार्क याही कंपन्या आल्या, म्हणजे पाहायच्या वह्या चार झाल्या. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावा असे रिझर्व्ह बँकेने ठरवले. १ सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेखाली आल्या, आणि जून २०२३ मध्ये चौघींनाही दंड झाला.

दुरुस्तीच्या हक्काला पैशाचे वजन आले ते २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने, जे सहा महिन्यांनी अमलात आले. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. या ३० दिवसांतले पहिले २१ दिवस बँकेने सुधारित माहिती पाठवण्यासाठी, आणि विलंब ज्याच्या बाजूने झाला त्याने पैसे द्यायचे. त्याच दिवशीच्या दुसऱ्या परिपत्रकाने, दुरुस्ती नाकारली तर कारण कळवणे बंधनकारक केले. ३० दिवसांच्या आत ‘आमची नोंद बरोबर आहे’ असे कारण बँकेने कळवले, तर दिवसाचे १०० रुपये सुरूच होत नाहीत; ते उत्तर जोडून कर्जदाराला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जाला शुल्क नाही.