शालेय संगीत शिक्षकांचे प्रशिक्षण (पुणे)

शालेय संगीत शिक्षकांचे प्रशिक्षण : पहिली ते आठवीच्या वर्गांत संगीत शिकवू इच्छिणाऱ्यांना गळा, वाद्य, लहान मुलांच्या आवाजाची जाण आणि वर्ग हाताळण्याचे कसब यांचे दिले जाणारे शिक्षण. पुण्यात गाणे शिकवणाऱ्या संस्था भरपूर आणि शिक्षक घडवणारी महाविद्यालयेही भरपूर, पण या दोहोंची गाठ क्वचितच पडते. डी.एल.एड. किंवा बी.एड. झालेल्याला वर्ग सांभाळता येतो, सूर लावता येतोच असे नाही. विशारद (शास्त्रीय गाण्याच्या परीक्षांतली वरची पायरी) झालेल्याला राग मांडता येतो, पण पन्नास मुलांच्या तुकडीपुढे पहिल्या तासालाच त्याचा घसा बसतो.

संगीताचे शिक्षक ठरवून तयार करण्याची कल्पना महाराष्ट्रात आली ती पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या कामातून. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तिथल्या उपदेशक वर्गात मैफलीचे गवय्ये नव्हे, तर गावोगावी जाऊन गाणे शिकवणारे लोक घडावेत, हा हेतू उघड होता. त्यांचे शिष्य पं. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्याआधी १८७४ मध्ये पूना गायन समाज आणि १९११ मध्ये भास्करबुवा बखले यांचा भारत गायन समाज उभा राहिला होताच. या संस्थांनी पांढरपेशा घरांतल्या मुलामुलींना गाण्याच्या वर्गात आणले, ठरावीक वेळ, फी आणि परीक्षा यांची सवय लावली. शाळेचा वर्ग मात्र त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची शिडी आजही शाळेत नेमणूक करताना सर्रास विचारली जाते. ती चढलेला माणूस शिकलेला असतो. शिकवायला शिकलेला असतो का, हा प्रश्न मुलाखतीत सहसा निघत नाही.

आजचे मार्ग असे. ललित कला केंद्र (सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ), एसएनडीटी महिला विद्यापीठाचा कर्वे रस्त्यावरचा संगीत विभाग, भारती विद्यापीठ आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ यांच्याकडे संगीताचे पदवी-पदव्युत्तर शिक्षण मिळते. शिक्षणशास्त्राच्या बाजूला बी.एड.मध्ये ‘शिक्षणात नाट्य आणि कला’ असा घटक २०१४ च्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या आराखड्यानुसार आला. त्यात चित्र, नाट्य, नृत्य, संगीत सगळे बसवायचे असल्याने संगीताच्या वाट्याला बहुधा एक स्वागतगीत आणि एक देशभक्तिपर गीत येते. त्याच वर्षीच्या नियमावलीत सादरीकरण कलांच्या शिक्षणाची वेगळी पदविकाही आहे. चित्रकला शिक्षकाला एटीडी (कला शिक्षक पदविका) हा मळलेला रस्ता मिळतो. संगीताला कागदावर वाट असूनही तसा रुळलेला रस्ता नाही.

नोकरीची बाजूही याला कारण आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीत शंभरांहून जास्त मुले असतील तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा. कला म्हणजे नेमकी कोणती, हे तिथे सांगितलेले नाही. ती जागा भरलीच तर चित्रकलेच्या शिक्षकाकडे जाण्याची शक्यता जास्त. पहिली ते पाचवीत तर वर्गशिक्षकच सगळे शिकवतो. म्हणून प्रशिक्षणाचे खरे गिऱ्हाईक विशारद नसून, ज्या बाईंना स्वतःला गाता येत नाही असे वाटते, त्या आहेत.

या बाईंना काय शिकवायचे, याचा गाभा तीन-चार गोष्टींत आहे. पहिली, मुलांची पट्टी, म्हणजे ती ज्या उंचीच्या ‘सा’वरून सहज गातात तो सूर. पुरुष शिक्षक आपल्या सोयीने पेटीवरच्या पांढरी एक किंवा काळी एकला ‘सा’ धरून खालच्या सप्तकात गातो. पहिली-दुसरीची मुले तो सूर पकडायला जातात आणि घशातून घुरघुरतात, नाहीतर सरळ ओरडतात. पेटी खर्ज-नर (खालच्या आणि मधल्या अशा दोन सप्तकांच्या सुरांची) असेल तर गोंधळ दुप्पट, कारण एक पट्टी दाबली की दोन सप्तकांतले सूर एकदम वाजतात आणि कोणता आपला हे मुलाला कळत नाही. प्रशिक्षणार्थीला खर्जाचा खटका बंद करून फक्त नराच्या सुरांवर, मुलांच्या सप्तकात वाजवायची सवय लावावी लागते. पुरुषाने शक्य असेल तिथे वरच्या सुरात हलके गाऊन दाखवावे किंवा एखाद्या सुरेल मुलीला ओळ म्हणायला सांगावी.

दुसरी गोष्ट बेसूर समजल्या जाणाऱ्या मुलाची. ‘तू नुसते ओठ हलव’ हे वाक्य गॅदरिंगच्या तालमीत कित्येकांनी ऐकलेले असते आणि पुढे जन्मभर ते गात नाहीत. वर्गात असे मूल सापडले तर त्याला आपल्या सुरावर ओढायचे नाही. ते ज्या सुरावर आहे तो पेटीवर शोधायचा, शिक्षकाने तोच सूर त्याच्याबरोबर लावायचा आणि मग अर्ध्या-अर्ध्या सुराने वर सरकायचे. लांबून हाक मारल्यासारखे ‘ए ऽऽ’ म्हणवून घेतले तरी आवाज वर जातो. यात गाण्याच्या तयारीपेक्षा कान महत्त्वाचा असतो. पेटीचा भाता थांबवून वर्ग ऐकणे ही सवय नव्या शिक्षकाला सर्वांत जड जाते. पेटी चालू असली की सगळे सुरात आहेत असेच वाटत राहते.

सराव पाठाचे एक उदाहरण : सहावीचा वर्ग, दादरा तालातले समूहगीत. पाठ टाचणात (तासाच्या लेखी आराखड्यात) ‘आदर्श गायन, अनुगायन, दृढीकरण’ असे रकाने भरलेले. छात्राध्यापिका आधी गाणे पूर्ण गाते. मग चाल बाजूला ठेवून शब्द लयीत म्हणवून घेते, धा धी ना, धा ती ना यावर टाळी आणि खाली (टाळी न देता हात उघडून दाखवायची मात्रा) दाखवत. मग ओळीओळीने चाल. दुसऱ्या कडव्यापर्यंत लय पळायला लागते आणि सूर अर्ध्या स्वराने उतरतो. हे जवळजवळ प्रत्येक वर्गात घडते. अनुभवी मार्गदर्शक इथे टोकत नाही, फक्त पेटीवर सा दाबून धरतो. मुले आपण कुठे आलो ते ऐकतात आणि हसतात. लय सावरायला टाळ्या थांबवून बोटाने बाकावर हलकेच ठेका धरायला लावणे उपयोगी पडते, कारण जोरात टाळी म्हणजे घाईला आमंत्रण.

सातवी-आठवीत मुलांचा आवाज फुटतो. वर्षभरात तो साधारण एका सप्तकाने खाली येतो आणि मधल्या काळात कधी वर, कधी खाली दगा देतो. अशा मुलांना गप्प बसवणे सोपे असते, म्हणून तेच केले जाते. त्यांना तीन-चार सुरांत बसणारी खालची ओळ, ध्रुवपदाचा (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीचा) ठेका किंवा ताल द्यावा, असे प्रशिक्षणात सांगितले पाहिजे. पुण्यात यासाठी वेगळे साधन शोधावे लागत नाही. गणपतीआधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालू होतो, वर्गातली दोन-चार मुले तिथे जात असतात आणि ताशाची तर्री (काड्यांची सलग जलद थरथर) त्यांना पुस्तकातल्या मात्रांपेक्षा चांगली येते. लेझीमचे चार-आठ मोजणे, वारीतल्या टाळाची चाल, भोंडल्याची तीन-पाच सुरांत फिरणारी गाणी हे सगळे वर्गात चालते. मोठ्या ख्यालाच्या बंदिशीपेक्षा भोंडल्याचे गाणे दुसरीच्या वर्गाला जास्त उपयोगाचे, हे विशारद झालेल्याला पटायला थोडा वेळ लागतो.

हंगेरीचे झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांनी लोकगीतांवर आधारलेले शालेय संगीत मांडले. त्यांच्या पद्धतीतला सरकता ‘डो’ (कोणत्याही उंचीवर धरता येणारा पहिला स्वर) आपल्याकडे सरकत्या ‘सा’च्या रूपाने आधीपासून आहे, प्रत्येक स्वरासाठीच्या हाताच्या खुणा मात्र वर्गात चटकन रुजतात. जर्मनीच्या कार्ल ऑर्फ यांची वाद्ये आणि स्वित्झर्लंडच्या दालक्रोझ यांची अंगचलनाची रीत परदेशी प्रशिक्षणात शिकवली जाते. अमेरिकेत संगीत शिक्षणाची स्वतंत्र पदवी आणि राज्याचा परवाना लागतो, प्राथमिक आणि त्यापुढच्या वर्गांसाठी अध्यापनपद्धतीचे वेगळे पाठ असतात. इथे ऑर्फची वाद्ये मागवण्याआधी शाळेत पडून असलेली पेटी सुरात आहे का, हे पाहिलेले बरे.

स्वर-ताल कागदावर लिहिण्याची पद्धत हा या प्रशिक्षणातला छोटा पण त्रासदायक भाग. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू म्हणजे तार (वरचे) सप्तक. पलुसकर पद्धतीत तोच बिंदू मंद्र (खालचे) सप्तक दाखवतो आणि तारसाठी उभी रेघ असते. भातखंडे समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) × आणि खालीला ० लिहितात, पलुसकर समेला १ आणि खालीला +. जुन्या पुस्तकातले गाणे फळ्यावर उतरवताना यात चूक झाली तर बिंदूचे सूर दोन सप्तके चुकतात. म्हणून दोन्ही वाचता यावीत आणि मुलांपुढे एकच वापरावी.

प्रत्यक्ष शाळेत संगीताचा तास वेळापत्रकात असला तरी परीक्षेच्या सुमारास गणिताला जातो. उरते ते परिपाठाचे समूहगीत, १५ ऑगस्ट, पाहुण्यांसाठी ईशस्तवन-स्वागतगीत आणि गॅदरिंग. आंतरवासितेला (शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला) आलेल्या छात्राध्यापकांनाही शाळा बहुधा याच कामाला लावते. त्यातून निवडक दहा मुले तयार होतात, बाकीची चाळीस प्रेक्षक राहतात. दहावीच्या वाढीव गुणांसाठी गाण्याच्या परीक्षा देणारी मुले खासगी क्लासला जातात आणि त्यांच्यामुळे वर्ग आणखी दोन पातळ्यांवर फाटतो : कोणी प्रवेशिका झालेले, कोणी पेटीला हातही न लावलेले. त्यामुळे आंतरवासितेचे मूल्यमापन गॅदरिंगच्या कार्यक्रमावर न करता पूर्ण तुकडीच्या तासावर करावे, आणि निरीक्षकाने मागच्या बाकावर बसून तिथली मुले गातात का ते ऐकावे, अशी मागणी या क्षेत्रात काम करणारे काही जण करत असतात.