लोक बघतायत म्हणून धपाटा जोरात बसतो

लोकलच्या डब्यात नाहीतर एसटी स्टँडवर पोर भोकाड पसरतं, आई आधी समजावते, मग डोळे वटारते आणि मग पाठीत एक सणसणीत धपाटा, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. कधी बाप असतो, पण बऱ्याचदा आईच, कारण पोर तिच्याच कडेवर असतं. आणि आपण काय करतो तर एकतर मोबाईलमध्ये डोकं घालतो नाहीतर "काय हो, किती मारताय लेकराला" असं ऐकवतो. दोन्हीने त्या लेकराचं भलं होत नाही.

2004 साली सॅली डिकरसन आणि मार्गरेट केमेनी यांनी लॅबमधले 208 अभ्यास एकत्र करून पाहिलं की कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, सगळ्यात जास्त कशाने उसळतं. तर दोन गोष्टी एकत्र आल्या की: परिस्थिती आपल्या हाताबाहेर आहे आणि वर चार लोक आपल्याला जोखतायत. आता गर्दीच्या डब्यातली ती आई बघा, खांद्याला पर्स, हातात पिशवी, स्टेशन जवळ आलंय, पोर खाली लोळतंय आणि अख्खा डबा तिच्याकडे बघतोय. म्हणजे लॅबमध्ये मुद्दाम जे घडवून आणतात ते तिच्यावर फुकटात चालू असतं.

अशा ताणात कपाळामागचा मेंदूचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जो "थांब, विचार कर" म्हणतो, तो ढिला पडतो आणि भीती-रागाची जुनी यंत्रणा ताबा घेते. तिला मारणं चुकीचं आहे हे माहीत नसतं असं नाही, त्या क्षणी ते माहीत असणं कामाला येत नाही. अशा वेळी आपण चारचौघांत बोल लावला की जोखणारे डोळे अजून वाढतात, अपमान वाढतो, आणि तो राग तिथे नाही निघाला तर घरी गेल्यावर त्याच पोरावर निघू शकतो, "तुझ्यामुळे मला लोकांचं ऐकून घ्यावं लागलं".

मारण्याचा उपयोग होत नाही हे मात्र खरंच आहे. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 मध्ये 75 अभ्यासांतल्या 1 लाख 60 हजारांवर मुलांची माहिती तपासली, तर चापट-फटक्यांचा संबंध जास्त आक्रमकपणाशी, जास्त मानसिक त्रासाशी दिसला, सुधारण्याशी नाही. आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाचं रडणं-लोळणं बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत ओसरतं. म्हणजे आपल्याला फक्त ती पाच मिनिटं त्या आईला सोपी करून द्यायची असतात.

ती कशी? पोराकडे नाही, आधी आईकडे वळायचं. "दमलाय हो तो, माझी पण अशीच करायची" एवढं म्हटलं तरी बघणाऱ्यांतला एक माणूस तिच्या बाजूचा होतो, आणि तिथेच ताण उतरायला लागतो. "बसा ताई इथे", "पिशवी द्या इकडे", "पाणी हवंय का". सल्ला अजिबात नाही, कितीही बरोबर असला तरी. तिने मान डोलावली तर पोराला बांगडी दाखवा, खिडकीबाहेरची म्हैस दाखवा. मोबाईल काढून शूटिंग तर मुळीच नको, ते जोखण्याचं सगळ्यात वाईट रूप आहे. आणि आपल्याकडची एक सवय मला फार खटकते, मदत म्हणून पोरालाच "थांब, पोलीसकाका घेऊन जातील तुला" असं घाबरवायचं, अहो ते आधीच घाबरलेलं असतं!

गर्दीत कुणी पुढे होत नाही असं आपण धरून चालतो. 1968 मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने यांच्या प्रयोगात दुसऱ्याला फिट आल्याचं ऐकू आलं तेव्हा आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के मदतीला गेले, आणखी चार जण ऐकतायत असं वाटलं तर वेळेत 31 टक्केच. पण रस्त्यावरची खरी भांडणं सीसीटीव्हीवर तपासली, इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतली मिळून 219, तेव्हा दहातल्या नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. फक्त पहिला माणूस लागतो.

हे सगळं धपाट्यापुरतं. डोक्यावर मारणं, गळा धरणं, पट्टा-काठी, रक्त, असं दिसलं तर गोड बोलत बसू नका, 112 किंवा 1098 ला फोन करा, ट्रेनमध्ये असाल तर 139, एसटीत कंडक्टरला सांगा. आणि तुम्ही पुरुष असाल आणि समोर एकटी बाई असेल, तर थेट पोराला हात लावायला जाऊ नका, जागा द्या, शेजारच्या मावशींना म्हणा "जरा बघता का हो त्यांच्याकडे". मावशी लगेच उठतात.