देणगी कुणाच्या खात्यात येते?
युवा संस्था आणि तरुण मंडळांच्या पदाधिकाऱ्यांसाठी

एप्रिल उजाडला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या हिशोब-कराच्या कार्यालयात एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो: "देणगीदार करसवलतीसाठी ८०-जीचं सर्टिफिकेट मागतायत. कधी मिळेल?" पैसे संस्थेच्या बँक खात्यात आले असतील तर आठ-दहा दिवसांत मिळेल. खजिनदाराच्या फोनवर आले असतील तर आम्हाला तारीख सांगता येत नाही.

हे पत्रक त्या दुसऱ्या मंडळींसाठी आहे. संस्था नोंदलेली आहे, तिचा पॅन आहे, १२-ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) झालेलं आहे, असं धरून लिहितो. ज्यांचं यातलं काही व्हायचं असेल त्यांनी समक्ष यावं, ते दोन पानांत मावत नाही. आणखी एक: १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा २०२५चा नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. इथे मात्र सगळ्यांच्या तोंडात बसलेली जुनीच नावं ठेवली आहेत.

होतं असं, की गणपती नाहीतर उन्हाळी शिबिर तोंडावर आलेलं असतं. संस्थेच्या खात्याचा क्यूआर घ्यायचा तर बँकेत ठराव, सह्या, दोन-तीन फेऱ्या. मग कुणीतरी उत्साही कार्यकर्ता म्हणतो, "सध्या माझा नंबर टाका, नंतर वळते करू." तोच नंबर निमंत्रणपत्रिकेवर छापला जातो, व्हॉट्सअॅपवर फिरतो, मांडवाच्या खांबाला चिकटतो. पैसे येतात, चांगले येतात. संस्थेच्या खात्यात ते जातात पंधरा-वीस दिवसांनी, एकगठ्ठा, गोल आकड्यात. त्याआधी मंडपवाल्याची उचल आणि वड्यांचं बिल त्यातूनच परस्पर भागवलेलं असतं.

मार्च संपल्यावर त्या कार्यकर्त्याच्या घरगुती बचत खात्याचं स्टेटमेंट आमच्या टेबलावर येतं. त्यात दूधवाला, पेट्रोल, मोबाइलचं रिचार्ज, आणि मध्येच ५०१, १,१०१, २,१०१. शेवटी एकचा आकडा दिसला की देणगी, असा आमच्याकडच्या मुलांनी बांधलेला अंदाज आहे आणि तो बराचसा खरा ठरतो. पण ५०० आणि १,००० चं काय करायचं? ती देणगी, की मित्राने परत केलेले हॉटेलचे पैसे? स्टेटमेंटवर पाठवणाऱ्याचं नाव आणि यूपीआय आयडी असतो. पत्ता नसतो, पॅन नसतो. काही नोंदींत नावही बायकोचं नाहीतर दुकानाचं असतं.

हा नुसता टापटिपीचा प्रश्न असता तर आम्ही पत्रक छापलं नसतं. २०२१-२२ या वर्षापासून ८०-जी असलेल्या संस्थेला देणगीदारांची यादी फॉर्म १०-बीडीमध्ये आयकर खात्याला द्यावी लागते: नाव, पत्ता, पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक, रक्कम, पैसे कसे आले ते. मुदत वर्ष संपल्यानंतरच्या ३१ मेपर्यंत. ती यादी भरली की पोर्टलवरून फॉर्म १०-बीई निघतो, आणि देणगीदाराला सवलत मिळते ती या फॉर्मवर. तुमची छापील पावती कितीही सुबक असली तरी यादीत नाव नसेल तर त्याला तिचा उपयोग नाही. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये लेट फी, आणि १०,००० ते १ लाखापर्यंत दंडाची तरतूद वेगळी.

नाव-पत्त्याची नोंद नसलेली देणगी निनावी धरली जाते. एकूण देणग्यांचे ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतलं जे जास्त असेल त्याच्या वरच्या निनावी रकमेवर ३० टक्के कर लागतो. लहान मंडळं बहुधा लाखाच्या आत असतात. शिबिर, नाट्यस्पर्धा, वाचनालय असं सगळं करणाऱ्या संस्थेला मात्र ती रेघ ओलांडायला वेळ लागत नाही.

कार्यकर्त्याचं स्वतःचं काय होतं ते तर कुणी बघतच नाही. त्याच्या पॅनला जोडलेल्या खात्यात लाख-दोन लाख जमले आणि विचारणा आली, तर ते उत्पन्न आपलं नव्हे हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. बिचाऱ्याने फुकट काम केलं, वर ही कटकट.

आमच्याच एका जुन्या ग्राहकसंस्थेचा खजिनदार ऐन फेब्रुवारीत शिकायला कॅनडाला गेला. सिम त्याच्याबरोबर गेलं. रात्री साडेदहाला त्याला फोन करून एकेक नोंद विचारत आम्ही ती यादी केली. मुलगा प्रामाणिक होता म्हणून जमलं. तरी चाळीसेक देणगीदारांचे पॅन शेवटपर्यंत मिळाले नाहीत आणि त्यांची नाराजी नव्या अध्यक्षांनी सोसली.

मुळात फोनवर पैसे घ्यायची वेळ का येते? आमच्या अनुभवात आळस हे कारण थोडं, अडकलेल्या सह्या हे जास्त. बडोद्यातली मुलं शिकायला, नोकरीला बाहेर जातात, पदाधिकारी बदलतात, पण बँकेत सही तीन वर्षांपूर्वीच्या सचिवाचीच असते. बँक नवीन सही घ्यायला तयार नसते, कारण चॅरिटी कमिशनरकडे विश्वस्त-बदलाची नोंद केलेली नसते. गुजरात सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे हा फेरफार अहवाल बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. म्हणून निवडणूक झाली की पेढे वाटायच्या आधी ठरावाची प्रत आमच्याकडे पाठवा. सहीदार तीन ठेवा, चालवायला कोणतेही दोन, आणि तिघांतला एक तरी असा घ्या ज्याचा मुक्काम बडोद्यातून हलणार नाही. रावपुऱ्यात दुकान असलेले एखादे काका या कामाला उत्तम.

क्यूआर बँकेकडून संस्थेच्या नावाचा घ्या. त्याच्याखाली एक ओळ छापा: पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता, पॅन या नंबरवर कळवा. तो नंबर कार्यकर्त्याचा असला तरी हरकत नाही, त्यावर फक्त माहिती यायची आहे. देताना माणूस पॅन आनंदाने देतो. मे महिन्यात मागितला की त्याला संशय येतो.

रोख वर्गणी घेऊच नका असं आम्ही म्हणत नाही. पोळात, म्हणजे जुन्या गल्लीत, फिरताना २५१ रुपये रोखच येणार. मात्र २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ८०-जीची सवलत नाही, हे देणगीदाराला तिथल्या तिथे सांगा. पावतीपुस्तकांना क्रमांक हवेत, कोणतं पुस्तक कुणाकडे याची नोंद हवी, आणि रद्द पावती फाडून टाकायची नाही, दोन्ही प्रती पुस्तकातच राहू द्यायच्या. जमलेली रोकड आधी बँकेत भरा, मग खर्चाला काढा. इथे ज्याला रोजमेळ म्हणतात आणि आपले आजोबा रोजकीर्द म्हणायचे, ती वही रोजच्या रोज लिहिली तर दहा मिनिटांचं काम आहे. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च संस्थेच्या कामावरचा खर्च म्हणून धरला जात नाही. उत्पन्नातले ८५ टक्के त्या कामावर लावायचे असल्यामुळे हे महागात पडतं. साउंडवाला रोखीचा आग्रह धरतो. त्याला आमचं नाव सांगा.

देणग्या मागायला निघण्याआधी थोडं. "टॅक्स वाचेल" एवढ्यावर देणगी मागू नका. नव्या करप्रणालीत ८०-जीची सवलत मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून न सांगता लागू होते ती नवीच. वह्या, धान्य, सतरंज्या अशा वस्तूरूप देणगीलाही सवलत नाही. स्मरणिकेतली जाहिरात ही देणगी नव्हे, तिची पावती वेगळी करा. मकरपुऱ्यातल्या कंपनीकडे सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी ठेवलेला, निधी मागायचा असेल तर आधी सीएसआर-१ या फॉर्मवर संस्थेची नोंदणी लागते, आणि बाहेरच्या संस्थेकडून कंपनीला निदान तीन वर्षांचं काम दिसावं लागतं.

अमेरिकेतल्या मामांबद्दल दर महिन्याला कुणीतरी विचारतं. मामांकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांची देणगी परदेशी धरत नाहीत. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (मूळ भारतीयांना मिळणारं) कार्ड असलं तरीही, एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपया घेता येत नाही. त्यांच्या इथल्या भावाच्या खात्यातून फिरवून आणायची युक्ती आम्हाला सांगू नका.

आम्ही फार चिकट आहोत अशी तक्रार आहे, आणि ती आम्हाला मान्य आहे. दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत बँक स्टेटमेंट, पावत्यांच्या स्थळप्रती आणि बिलं मागतो, कारण जुलैत विसरलेली नोंद जुलैतच आठवते. घरगुती खात्यातून देणग्या निवडून काढण्याचे पैसे आम्ही वेगळे घेतो. तुमच्या वर्षभराच्या हिशोबाला लागतो त्याहून जास्त वेळ त्या निवडीला जातो, म्हणून. महिन्याच्या महिन्याला कागद देणाऱ्या संस्थांना १०-बीडी भरण्याचे वेगळे पैसे लावत नाही.

दिवाळीत चोपडापूजन जरूर करा, आम्हीही करतो. हिशोबाचं वर्ष मात्र १ एप्रिलला सुरू होतं. नव्या वर्षाचा क्यूआर आणि पावतीपुस्तकं छापायला टाकण्यापूर्वी नमुना एकदा दाखवून घ्या, त्याचे पैसे नाहीत. सोमवार ते शनिवार, सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सात. येताना ८०-जीचा आदेश आणा, त्याची मुदत कधी संपते तेही बघून देतो: नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या निदान सहा महिने आधी करायचा असतो.